हळू मागून येते

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, बोटं हळदीनं पिवळी, अन् तोंडात विंग्रजी. ताट वाढल्यासारखा हात पुढं धरून ती खिडकीकडे पाहत घोकत होती, "ईट इट स्लोली."

"मास्तरीन हाय का?" मी टोमणा मारला. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून विंग्रजीपुढं मान वाकवायची नाही, हा माझा हेका.

"मास्तरीन कायची भाऊ, स्वयंपाकीन. सेवाग्रामले परदेशी पाहुणे येतेत, त्यायले वाढा लागते. पण ह्या भाषेची रीतच उलटी. आपण म्हणतो हळू खा. हे आधी खा म्हणतेत, हळू मागून येते. तवरक ठेचा घशात!"

मी हसलो. माझी नात परदेशात आहे, तिला मराठी येत नाही, म्हणून व्हिडिओ फोनवर मी नुसता हात हालवतो, हेही सांगून बसलो. "पण विंग्रजी मी बोलत नाई."

"नका बोलू, हेका जपा. पण पोरीनं आजोबाचा आवाज कवा आयकाचा?"

रोहण्याला ती उतरली. पुन्हा दिसली नाही.

रविवारी मुलानं फोन लावला. नात तोंडात पाव कोंबत होती.

"ईट इट," मी म्हणालो. तिचं तोंड थांबलं. डोळे मोठे करून ती पाहू लागली.

"स्लोली."

ती हसली, अन् मला दाखवून दाखवून सावकाश चावू लागली.

फोन बंद झाला. मी माझं ताट वाढून घेतलं, अन् हळूहळू जेवलो.