अर्ध्या तासाचा सराव

उज्वलाला कुणी संशयी म्हटलेलं चालत नाही. ती म्हणते, मी चौकस आहे. असेल बाई. पण मेथीची जुडी विकत घेतली की तिथंच सोडून आत पिवळी पानं कोंबलीत का ते बघणारी, रिक्षात बसल्यावर रस्ता सोडून मीटरकडे डोळे लावणारी, नवरा घरी आला की आधी त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनला हात लावून गाडी लांबून आली की जवळून ते ताडणारी बाई जर चौकस, तर संशयी मग कुणाला म्हणायचं?

तसं तिचंही चूक नाही. लग्न होऊन ती येवल्याहून सातपूरला आली आणि एका वर्कशॉपमध्ये लागली. तिथं इलेक्ट्रिक पॅनेल बनतात. दुसऱ्याने आवळलेला स्क्रू खरंच आवळलाय का, हे बघायचं तिचं काम. सुपरवायझर तिचं फार कौतुक करतो. दिवसभर ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळते, ती संध्याकाळी दारात चपलांबरोबर काढून कशी ठेवणार?

नवरा योगेश पलीकडच्या कंपनीत लेथवर. घुमा माणूस. विचारलं तर बोलेल, नाहीतर भिंतीला टेकून बसेल. आणि अशा माणसाला चाळिशीत, यंदा गणपतीच्या आधी, ढोल वाजवायची हुक्की आली. नदीपलीकडच्या मैदानावर एका पथकाचा सराव चालायचा. दर रविवारी जेवण झालं की हा निघायचा, तो दिवेलागण उलटल्यावर उगवायचा.

"किती वेळ वाजवलं?" उज्वला विचारायची.

"असेल अर्धा-पाऊण तास."

हे तो इतक्या भाबड्या तोंडाने सांगायचा की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अर्धा तास वाजवलं, मग उरलेली दुपार गेली कुठे? अहो, खोटं बोलायचं तर माणूस निदान पटेल असं तरी बोलतो. तिने त्याचा शर्ट हुंगून पाहिला. घामाचा वास होता. पण तेवढ्यावर गप्प बसेल ती उज्वला कसली. घाम यायला ढोलच लागतो असं थोडंच आहे?

त्यातच एका रविवारी तो आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. नाव आलं, 'साक्षी ताशा'. उज्वलाने उचलला नाही. वाजून वाजून बंद होईपर्यंत ती त्या नावाकडे बघत राहिली.

"आई, कुठेतरी पाणी मुरतंय," ती सासूला म्हणाली.

लंकाबाईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ती शेंगा सोलत होती. "आगं, त्याला धड दोन शब्द बोलता येत नाय. तो काय बाईच्या नादी लागतोय?"

"न बोलणारेच लागतात."

उज्वलाने ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी मागोमाग जायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि खोटं सापडलं की सरळ येवल्याला भावाकडे. नुसती धमकी नव्हती ती. बॅग भरून पलंगाखाली सरकवलेली होती. सासूला तेवढं म्हणाली, "गेले आणि आले. तुमच्या डोळ्यात थेंब घालायच्या वेळेला घरात असते."

सिटी बसमधून उतरून ती मैदानाच्या कडेला भेळेच्या गाडीआड उभी राहिली. योगेश दिसला. कमरेला ढोल बांधलेला, डोळे मिटलेले. आणि बरोब्बर त्याच्यासमोर, गळ्यात ताशा अडकवलेली एक सडपातळ पोरगी. हीच ती. नजरानजर होते का बघायला उज्वला चार पावलं पुढे सरकली, आणि तिथंच सापडली.

"ओ ताई, मोकळ्या हाताने इथं उभं राहायचं नाही." पथक चालवणारे वाल्मीकमामा मागेच उभे होते. त्यांचे दोन नियम. मैदानात पाय टाकला की काहीतरी वाजवायचं, आणि त्याआधी फोन, घड्याळ, अंगठ्या सगळं लिंबाला टांगलेल्या पिशवीत टाकायचं. "घड्याळ बघणाऱ्याचा हात चुकतो," असं म्हणत त्यांनी तिच्या हातात झांजा दिल्यासुद्धा.

उज्वलाने विचार केला, बरंच झालं. आत शिरल्यावर नीट बघता येईल.

सुरुवातीला तिचा एक डोळा योगेशवर, एक त्या पोरीवर. त्या नादात झांज सारखी चुकायची. वाल्मीकमामा शेजारी पाय आपटून ठेका दाखवत होते. मग कधीतरी हात बसला. ताशा तडतडला की सगळे ढोल एकदम उत्तर द्यायचे आणि ते थेट तळपायातून पोटात शिरायचं. ठेका हुकू नये म्हणून ती पोरीच्या काड्यांकडे बघत होती. पुढे पुढे त्यांच्याकडेही बघावं लागेना. नवरा, सासू, येवला, काही आठवेना. अगदी मजेत होती ती.

"थांबू या आज," वाल्मीकमामा म्हणाले.

"एवढ्यात?" उज्वला जवळजवळ भांडायलाच उठली. आत्ता कुठे रंग चढत होता.

मग तिने वर पाहिलं. अंधार पडला होता. भेळवाला गाडी ढकलत घरी निघाला होता. पिशवीतून फोन काढला तर सासूचे कॉल एकाखाली एक. उज्वलाला पहिला संशय फोनचा आला. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. तीच वेळ. मग तिने त्या पोरीलाच गाठून विचारलं, तर तिच्याही फोनमध्ये तीच वेळ.

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं काकू," साक्षी घाम पुसत हसली. "काकांना तर हाताला धरून थांबवावं लागतं."

काकू. काका. उज्वलाच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणीच आलं.

तेवढ्यात योगेश समोर आला आणि तिच्या हातातल्या झांजा बघून थबकला. "तू कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून लाजली.

गाडीवर मागे बसून तिने घरी फोन लावला. थेंब शेजारणीने घातले होते. लंकाबाईने शिव्या घातल्या, उज्वलाने त्या हसत ऐकून घेतल्या. कितीतरी दिवसांनी तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"म्हणजे तुम्ही खरंच सांगत होता," ती सिग्नलला म्हणाली. "अख्खी दुपार अर्ध्या तासासारखी वाटते."

"हो ना."

इथं थांबली असती तर काय बिघडलं असतं? पण सवय वाईट. "आणि घरी?"

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. गाडी जरा पुढे गेल्यावर, मागे न बघता, तो त्याच्या नेहमीच्या सरळ आवाजात म्हणाला, "घरी उलटं होतं. तू विचारत असतेस, मी उत्तरं देत असतो. तासभर तरी झाला असेल म्हणून घड्याळ बघतो, तर पाचच मिनिटं झालेली असतात."

उज्वलाने ते बोलणं सवयीने उलटूनपालटून पाहिलं. कुठे खोट निघते का, कुठे काही लपवलंय का. काही निघालं नाही. माणूस खरं बोलत होता. तिने त्याच्या खांद्यावरचा हात काढला, मग कुठे ठेवावा ते कळेना म्हणून परत तिथंच ठेवला.