आई भोपाळला गेल्या होत्या

माझ्या सासूबाईंनी एका सवाष्ण बाईला बांगड्या फोडायला लावल्या होत्या.
एक शब्दही न बोलता.

आज सकाळी आई गेल्या. नव्वदी केव्हाच ओलांडली होती, त्यामुळे तक्रार नाही.

सकाळपासून मेसेज येताहेत, "मायाळू माऊली हरपली" वगैरे. मायाळू कसल्या! त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पांढुर्ण्याची अर्धी गल्ली दारं लावून घ्यायची.
म्हणून ही एक गोष्ट सांगते. हीच खरी आई.

८४ चा डिसेंबर. मी त्याच वर्षी सौंसरहून लग्न होऊन आले होते.

आई आमच्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाच्या प्रमुख. मंडळाचं काम साधं. ज्याला घर सोडावं लागलं त्याला विहारामागच्या खोलीत जागा द्यायची. पुरात घर गेलेले, मालकाने शेतावरून हाकललेले, कोणीही.
रोज स्वयंपाकाआधी प्रत्येक घरी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची, त्यावर त्या खोलीतली चूल चालायची.
आलेल्याला जात विचारायची नाही. "कधी जाता?" हे तर अजिबातच नाही.

भोपाळच्या गॅसला पंधरा दिवसही झाले नव्हते. उरलेला गॅस पुन्हा सुटणार, अशी आवई उठली आणि लोक मिळेल त्या गाडीत बसून पळाले.

त्यात रामकली होती. दोन लेकरं, गुड्डी आणि पप्पू. नवऱ्याने तिघांना गाडीत कोंबलं आणि "अम्मा को लेके आता हूँ" म्हणून तो मागे फिरला.
गाडीत गुड्डीला श्वास लागला. रामकली घाबरून मधेच पांढुर्ण्याला उतरली. कुणीतरी तिला आमच्या विहारात आणून सोडलं.
ती कुठे आहे हे नवऱ्याला ठाऊक नाही. तो आहे की नाही हे हिला ठाऊक नाही.

तीन दिवस ती दाराकडे तोंड करून बसलेली.

मग रविवार आला. आम्ही सगळ्या वंदनेला.

आमच्यात वंदनेला पांढरी साडी. मी तर लग्नातही पांढरीच नेसले होते. आमच्यासाठी तो मंगल रंग.
वंदना झाली, ध्यान झालं. आई म्हणाल्या, "चला, त्या बाईपाशी थोडं बसू."

अकरा जणी गेलो. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, ध्यानातून उठलेल्या, म्हणून गप्प.
तिच्याभोवती बसलो. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रामकलीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही हात भिंतीवर आपटले.
बांगड्यांचा खच पडला. मनगटातून रक्त. कपाळावरची टिकली तिने ओरबाडून काढली. लेकरं किंचाळायला लागली.

आम्हाला वाटलं, बाईला वेड लागलं.

"मी काही बोलली का हिले?" आई मलाच विचारतात. "काहीच तं नाही बोलली!"

रामकली ओरडली, "बोलने को बचा क्या है? सफेद पहन के सब की सब चुपचाप आ गईं!"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला.

किती समजावलं. खबर काहीच नाही, ही आमची पूजेची साडी आहे. तिला पटेना. तिला वाटलं आम्ही आता सारवासारव करतोय. मी नव्या बांगड्या आणल्या, तर हात मागे घेतला.
"वो सामने आएँगे, तभी पहनूँगी।"

त्या संध्याकाळी आईंनी पिशवी भरली.

सासरे भडकले. "लोक तिकून पळून रायले अन् तू तिकडं चालली? डोकं फिरलं काय तुहं?"

"चूक कोनाची? माही. मंग जाईन कोन, तुमी?"

सासरे सोबत येतो असंही म्हणाले नाहीत, हे मी त्यांना कधी विसरू दिलं नाही.

सोमवारी आई एकट्या पॅसेंजरने गेल्या. त्याआधी नागपूरच्या पलीकडे एकट्या कधी गेल्या नव्हत्या. हिंदी तर अशी की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा.

दवाखाने, तंबू, धर्मशाळा. नवऱ्याच्या नावाची माणसं ढिगाने होती. म्हणून आईंनी नाव सोडलं आणि प्रत्येक वॉर्डाच्या दारात उभं राहून ओरडायला लागल्या, "गुड्डी-पप्पू का बाप कौन हाय?"

चौथ्या दिवशी एका व्हरांड्यातून हात वर झाला. डोळ्यांवर पट्टी. त्याची आई वाचली नव्हती.

"आप कौन?"

आई म्हणाल्या, "तुम्हारे घरवाली की गुन्हेगार."

शनिवारी त्याचा हात धरून त्या विहाराच्या दारात उभ्या राहिल्या.

रामकली उठली. नवऱ्याकडे नाही गेली. आधी माझ्या सासूच्या पाठीत दोन धपाटे घातले, जोरात. मग त्यांच्याच गळ्यात पडून रडली.
नवरा बिचारा पट्टी बांधून दारात उभा. काय चाललंय, त्याला काही कळेना.

आईंना उलटून बोलायची सवय. त्या दिवशी धपाटे खाऊन गप्प राहिल्या.

उन्हाळ्यापर्यंत ते कुटुंब आमच्याकडे होतं. मंडळात नवा नियम झाला: वंदनेहून थेट खोलीत जायचं नाही, घरी जाऊन साडी बदलायची. नवीन बायका विचारायच्या, असं का? आई स्वतःच सांगायच्या, "मी चुकली होती म्हनून." एवढंच.

पुढे ती माणसं भोपाळला परतली. त्याची छाती काही सुधारली नाही.

८८ मध्ये रामकलीचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. दोन ओळी.

"इस बार खबर पक्की है। माँजी से कहिए, आ जाएँ।"

आईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, पुन्हा एकदा स्वतः वाचलं, आणि विचारलं, "पॅसेंजर किती वाजता हाय?"

आईंना घेऊन उद्या सकाळी दहाला घरून निघू. ज्यांना जमेल त्यांनी या.

आई, सुनेचा शेवटचा जयभीम.