आठ भोकं, सोळा ओळी

जिन्याखालच्या त्या दुकानात उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून तिथं कुणी उभं राहत नसे. दोन स्टुलं, एक दिवा आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले परक्यांचे कोट. एका स्टुलावर म्हातारा, दुसऱ्यावर त्याचा मुलगा. धंदा रफूचा. सिगारेटनं जळलेली बाही, कसरीनं खाल्लेली शाल, पत्र्याला अडकून उसवलेली पँट, असं काय काय रडतखडत यायचं आणि जाताना आपण जन्मात कधी फाटलोच नव्हतो अशा तोऱ्यात जायचं.

मुलाला सगळे रफूच म्हणत. पस्तिशी उलटली होती, टाळूवरचं कापड विरायला लागलं होतं. पण रविवारी सकाळी बाजाराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आठदहा टाळकी जमायची आणि त्यांच्या रिंगणात गडी रॅप करायचा. एक दोन नव्हे, चौदा वर्षं. रिंगणाचा कायदा साधा होता. दुसऱ्यानं लिहिलेली ओळ तोंडात घ्यायची नाही आणि आपली ओळ विकायची नाही. कायद्याचा दुसरा भाग पाळायला फार सोपा गेला, कारण चौदा वर्षांत विकत घ्यायला कुणी फिरकलंच नव्हतं.

कायद्याचा राखणदार होता भोंगा. हा पाण्याच्या टाक्या धुवायचा. रिकाम्या टाकीत उतरून गायची सवय लागल्यामुळे बाहेर आला तरी त्याचा आवाज टाकीतच असल्यासारखा घुमायचा. "कला बाजारात उभी केली की संपली," असं तो दर रविवारी सांगायचा. तेव्हा त्याच्या छातीवर एका बूटकंपनीचं नाव वीतभर अक्षरांत असायचं. शर्ट फुकट मिळाला होता, एवढंच.

म्हाताऱ्याचं या विषयावरचं मत थोडक्यात होतं. रविवारी मुलगा घरी आला की तो विचारायचा, "झालं का भांडण?"

"अण्णा, रॅप म्हणतात त्याला."

"समोरचा उलटून बोलत होता?"

"नाही."

"मग बरंय. एकतर्फी भांडण आपणच जिंकतो."

गंमत अशी, की रफूनं सगळ्यात चांगल्या सोळा ओळी लिहिल्या होत्या त्या या म्हाताऱ्यावरच.

*बापानं माझ्या आयुष्यभर भोकं बुजवली लोकांची,*
*नाव नाही कुठं त्याचं, ना पाटी कुठल्या चौकाची.*

अशी सुरुवात, आणि शेवट असा:

*डोळे गेले सुईपायी, बोटांनी आता बघतो,*
*उभा आडवा धागा मोजत माझा बाप जगतो.*

रिंगणात या ओळी ऐकून भोंग्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि भोंग्याला पाण्याची काय नवलाई. पण ज्याच्यावर लिहिल्या त्यानं त्या ऐकल्या नव्हत्या. स्टुलापासून स्टुलापर्यंत अंतर हातभर, पण बापाच्या तोंडावर बापाचं कौतुक करायची त्या घरात पद्धत नव्हती. चांगलं काम झालं की म्हातारा "हं" म्हणायचा, वाईट झालं की काहीच म्हणायचा नाही. रफूला वाटायचं, या ओळी बाहेरून कुठून तरी याव्यात. रेडिओवरून, मोबाइलवरून, कशावरूनही. त्या ऐकू येतील तेव्हा आपण खाली मान घालून सुई ओवत बसू. म्हाताऱ्याची नजर तर गेलीच होती, आता एक कानही संपावर जायच्या बेतात होता. म्हणून घाई.

आणि अशात कंपनीचा माणूस आला. जीन्सची कंपनी. या ब्रँडवाल्याच्या पायांत मोजे नव्हते, पण घड्याळं दोन होती. आल्याआल्या डोकं आपटून घेतलं आणि म्हणाला, "अप्रतिम. किती खरी जागा आहे ही."

रिंगणातला व्हिडिओ त्यानं पाहिला होता. कंपनी फाटक्या जीन्स काढत होती आणि त्यांना 'अस्सल आवाज' हवा होता. रफू म्हणाला, "सोळाच्या सोळा ओळी राहिल्या तरच करतो. एक अक्षर हलणार नाही. जे लिहिलंय ते खरं आहे."

"खरं तेच तर आम्ही विकतो," ब्रँडवाला म्हणाला.

भोंग्याला कळलं तेव्हा तो तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "विकलास तू. बापासकट विकलास." जाताना दारातून हळूच विचारलं, "मागं उभं राहायला कुणी लागतंय का त्यांना?"

शूटिंगच्या दिवशी एका गोदामात रफूच्या दुकानाचा जिना उभा केला होता, खऱ्यापेक्षा चौपट मोठा. भिंतीला मुद्दाम पोपडे काढत दोघं बसले होते. बायकोनं घरून निघताना रफूच्या अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी उतरवून ठेवला आणि एक जीन्स हातात दिली. "सांभाळून हं. एकच नग आहे. परदेशातल्या डिझायनरनं हातानं फाडलीय."

रफूनं मोजली. आठ भोकं. गुडघ्यावर दोन, मांडीवर पाच, आणि एक अशा जागी की तिथं माणूस बसला की लाज वाटावी.

मग ब्रँडवाला आला, खांद्यावर हात टाकला. "छोटासा बदल. सोळाच्या जागी चार ओळी. लोकांचं लक्ष आठ सेकंदं टिकतं, आम्ही मोजलंय. आणि बापाऐवजी 'ब्रो' चालेल का?"

"शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता ना. भावना तीच ठेवतोय," असं म्हणून तो फोनवर निघून गेला. "दिवे लागेपर्यंत बसा."

दिवे लागायला चार तास लागले. रफू एका खोक्यावर मांडीवर जीन्स घेऊन बसला. डोकं भणभणत होतं. उठून निघून जावं? गेलो तर चारही गेल्या. थांबलो तर बारा गेल्या, आणि ज्या राहिल्या त्यात बाप नाही. माणूस विचारात पडला की कुणी नखं खातं, कुणी मिशी ओढतं. शेजारी काढून ठेवलेल्या शर्टाच्या कॉलरमागं रफूची नेहमीची सुई टोचलेली होती आणि मांडीवर फाटकं कापड होतं. जीन्सच्या आतल्या शिवणीतून त्यानं त्याच रंगाचे धागे ओढून काढले. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली. ओठ सोळा ओळी पुटपुटत होते, बोटं आपल्या वाटेनं चालली होती.

कपडेवाल्या बाई आल्या. जीन्स उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ही ती नाही. ती कुठंय?"

"हीच ती."

"भोकं?"

रफूनं त्यांच्या हातातल्या जीन्सकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या सुईकडे. "बुजवली वाटतं," तो म्हणाला.

गोदामात पळापळ झाली. ब्रँडवाल्यानं जीन्स दिव्यासमोर धरली, डोळ्यांशी नेली, भोकाचा मागमूस नाही. पोपडे काढणारा एकजण कात्री घेऊन पुढं आला तर ब्रँडवाला त्याच्या अंगावर धावला. "हात लावायचा नाही. पोस्टर छापून झालीत. भोकं होती तिथंच पाहिजेत, होती तेवढीच." मग रफूकडे वळून, एकदम घरच्यासारखा: "दादा, सापडतील ना तुम्हाला?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणाला रफूची गरज पडली होती. त्यानं कापडावरून अंगठा फिरवला, पहिली जागा सापडली, आणि कधी नव्हे ती बुद्धी सुचली.

"एका भोकाला दोन ओळी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आठ भोकं, सोळा ओळी. एक उसवतो, दोन ओळी परत घालायच्या. कागदावर लिहून द्या. बाप बापच राहील."

"सरसकट दहा करू. पाच भोकं उघडा."

"पोस्टरवर आठ आहेत."

"चौदा. त्या लाजेच्या जागेचं भोक तसंही दिसत नाही."

"मग ते बंदच ठेवतो. डिझायनरला तुम्ही सांगा."

ब्रँडवाल्यानं कुणाला तरी फोन लावला. "सर, ओळींच्या बदल्यात भोकं मागतोय... नाही सर, उलटं." बराच वेळ ऐकून घेतलं आणि कागद मागवला. भाजीबाजारात कोथिंबिरीवरून होत नाही एवढी घासाघीस झाली, आणि कलेचा भाव ठरला. रफू एकेक जागा बोटानं शोधायचा, उसवायचा, ब्रँडवाला दोन ओळी लिहून सही करायचा. आपलंच बेमालूम काम आपल्याच हातानं आठ वेळा उसवायचं. त्यापेक्षा दात उपटून देणं परवडलं असतं. मग त्यानं ती भोकं अंगावर चढवली, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि सोळाच्या सोळा ओळी एका दमात म्हणून टाकल्या.

महिन्याभरानं गाणं आलं. दुकानात बायकोनं मोबाइल धरला. शेजारी भोंगा, खाजगी भेटीला आल्यासारखा. ओळी सगळ्या होत्या, एक अक्षर हललं नव्हतं. फक्त पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुडघे होते. समोरून गुडघे, बाजूनं गुडघे, पोपड्यांवर टेकलेले गुडघे.

"तोंड कुठंय तुमचं?" बायको म्हणाली.

"गुडघे ओळखू येतायत," भोंगा म्हणाला. "अस्सल आहेत."

रफूचं तिकडं लक्ष नव्हतं. खाली मान घालून तो सुई ओवत होता, आणि दोरा काही केल्या नेढ्यात जात नव्हता. म्हाताऱ्यानं चांगला कान मोबाइलला लावला होता. गाणं संपलं. म्हातारा "हं" म्हणाला नाही. मोबाइलपासून कान काढला. मग म्हणाला, "ते चहाचं काय आहे?"

रफूनं ओळी म्हणून दाखवल्या:

*चहा पुढ्यात गार झाला, सुई नाही थांबली,*
*एका धाग्यापायी त्याची दुपार लांबली.*

"खोटं आहे," म्हातारा म्हणाला. "चहा मी जन्मात कधी गार होऊ दिला नाही. चहा आला की सुई खाली. कुणी घुसडलं हे? त्या कंपनीवाल्यानं?"

रफूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भोंगा छताकडे बघायला लागला.

"मीच," रफू म्हणाला.

"का?"

"लांबलीला यमक पाहिजे होतं, अण्णा."

"मग कंपनीवाला काय वाईट होता?" म्हातारा म्हणाला. "बदल ते."

"आता नाही बदलता येत. निघालं बाहेर."

म्हाताऱ्यानं कान पुन्हा मोबाइलला लावला. "लाव परत," म्हणाला. "बाकीचं ठीक आहे. तेवढ्या ओळीला मी खोकतो."

आणि तो खरंच खोकायला लागला. दुकानात कुणीही कोट घेऊन येवो, म्हातारा आधी गाणं लावायला लावायचा, आपण ताठ बसून ऐकायचा, आणि गाण्यात चहा आला की असा खणखणीत खोकायचा की गिऱ्हाइकाला त्या ओळीतलं एक अक्षर कळू नये. पुढच्या ओळीला पुन्हा गप्प. खोकला ना अर्धा क्षण लवकर यायचा, ना अर्धा क्षण उशिरा. पाचसात वेळा ऐकल्यावर भोंगा रिंगणात म्हणाला, "रफू, तुझ्यापेक्षा म्हाताऱ्याला बीट जास्त कळतो. पुढच्या रविवारी घेऊन ये त्यांना."