डावा कौल आणि एकवीस किलोमीटर

शर्यतीत पाण्याच्या टेबलामागे उभं राहायला मी नकार दिला, तिथून सगळं सुरू झालं.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी एम. ए.ला नाव घातलं होतं. मुलगा नोकरीला मुंबईत, नवरा जहाजावर, घरात मी, दीर आणि सासूबाईंची रिकामी खाट. एक दिवस कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली. विद्यापीठाचा संघ ओरोसला अर्धमॅरेथॉन धावणार, एकवीस किलोमीटर. त्यातून जमेल ती मदत किनाऱ्यावरच्या गावांतून डायलिसिसला जाणाऱ्या माणसांसाठी गाडी घ्यायला जाणार. विद्यापीठात नोंद असलेल्या कुणाही विद्यार्थ्याने नाव द्यावं. ‘कुणाही’ हा शब्द मी दोनदा वाचला आणि तशीच क्रीडाशिक्षकांच्या खोलीत गेले.

सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी मला खुर्ची दिली, तिथेच मला कळलं की हे नाही म्हणणार. नाव द्यायला आलेल्या मुलींना कुणी खुर्ची देत नव्हतं.

“मॅडम, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं,” ते म्हणाले. “पाण्याच्या टेबलावर आम्हाला एक जबाबदार माणूस हवंच आहे.”

“पाणी मी घरात पंचवीस वर्षं देतेय, सर. धावणाऱ्यांत नाव घाला.”

“नाही, म्हणजे वयाचा जरा विचार...”

मी पर्समधून ओळखपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावरच्या फोटोत मी आंबे चोरताना सापडल्यासारखी दिसते, पण खाली ‘विद्यार्थी’ असं स्वच्छ छापलेलं आहे. सरांनी नाव लिहिलं. दाराशी उभ्या असलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि एक म्हणाली, “काकी, जपान धावा हां!” मला त्या टाळ्यांचाही राग आला. त्यांच्यातल्या कुणासाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या.

राग मला पटकन येतो, ते खरं आहे. पण ह्या रागाला कारण होतं. सासूबाईंना दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा ओरोसला डायलिसिसला नेलं. पहाटेची बस धरायची, वाटेत एक बदलायची, आणि सगळं आटोपलं की परतीसाठी ओरोसच्या थांब्यावर बसायचं. त्या थांब्याला एक सिमेंटची पायरी आहे. सासूबाई तिच्यावर बसत आणि डोकं माझ्या कमरेला टेकत, कारण मी उभी असे. सुई काढल्यावर माणसाच्या अंगात काही उरत नाही. उलटी आली तर पिशवी पुढे धरायची, पदराने तोंड पुसायचं. मी रस्त्याकडे बघून चरफडायला लागले की त्याच माझी समजूत काढत. “येतली गो, येतली गाडी.” आजारी त्या, आणि धीर मला. थंडीच्या तोंडाशी मी नाव दिलं तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

सरांनी मोबाइलवर सरावाचा तक्ता पाठवला. सोमवारी विश्रांती, मंगळवारी पाच किलोमीटर, रविवारी लांबचं अंतर, सगळं सकाळी सहाला. तक्ता छान होता, पण आमच्या गावात रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर धावणारी बाई दिसली की लोक मोटारसायकल थांबवतात. पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं, “काकी, कोण वारला?”

मग मी वाळूवर उतरले. सुकी वाळू पाय ओढते, पण ओहोटीने मागे सोडलेली ओली वाळू सारवलेल्या खळ्यासारखी टणक असते. फक्त ती समुद्राच्या मर्जीने मिळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी माडांच्या मुळाशी. त्या दिवशी वाळू मिळणार ती दुपारी बाराला. सरांचा तक्ता वारावर चालायचा, माझा तिथीवर. लांबचं अंतर मी पौर्णिमा-अमावास्येला उजाडता उजाडता धावायची आणि अष्टमी-नवमीला भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्यावरून गावात दोन मतं झाली. एक म्हणे हिला बाधा झाली, दुसरं म्हणे शिकून डोकं फिरलं.

वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढणारे असत. त्यांचे दोर पाण्यापासून वरपर्यंत आडवे पडलेले, ते मला ओलांडावे लागत. पहिल्या दिवशी त्यांच्यातला एक ओरडला, “काकी, बांगडो पळालो काय गो?” सगळे हसले. मी थांबून म्हटलं, “पळालो तर तुमच्या जाळ्यातसून पळालो, माझो काय दोष?” दुसऱ्यांदा हसले ते त्याला. पंधरा दिवसांनी मला लांबून बघितलं की तोच हाळी द्यायचा, “दोर उचला रे, गाडी इली!” आणि मी खालून वाकून निघून जायची.

एक चूक मात्र होत होती आणि ती मला दिसत नव्हती. मालवणच्या बाजारातून आणलेले बूट मी खोक्यात जपून ठेवले होते. नवं ते सणाला, ही आमची सवय. नवं लुगडं कुणी शेतात नेसून जातं का? बूट शर्यतीच्या दिवशी कोरे दिसायला हवेत म्हणून मी तीनदाच पायात घातले, तेही अंगणात. बाकी सगळा सराव अनवाणी.

धावायला आठ दिवस उरले असताना दिरांनी तोंड उघडलं. भावजी एरवी कमी बोलणारे. जेवून हात धुतले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “वयनी, आवशीचा वर्ष सरूक नाय. वर्षाच्या आत आमच्या घरात कोण वाजतगाजत खंय गेला नाय. देवाक इचारूया.”

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आईच्या दुःखात त्यांनी दाढी वाढवली होती, चतुर्थीला मोदकाला हात लावला नव्हता. पण आईला ओरोसला न्यायची वेळ यायची तेव्हा त्यांना नेमकं बागेत काम निघायचं. तिथे त्यांना बघवत नसे. माझ्याही डोळ्यांना ते बघायची हौस नव्हती, पण मी जात होते. हे मी बोलले नाही. देवळात गेले.

आमच्याकडे असा पेच पडला की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी भिजवलेले तांदूळ चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तसं म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, देव ऐकत नाही असं मानतात.

“बा देवा म्हाराजा,” गुरवाने सुरुवात केली, “ह्या घरात वर्षाचा दुःख आसा.”

“व्हय म्हाराजा,” भावजी म्हणाले.

“ह्या घरच्या सुनेक शर्यतीक धाडूची काय नाय, ता तुझ्या मनात काय आसात ता सांग. धाडूची आसात तर उजवो दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आम्ही बघत राहिलो. आणि डावा दाणा सुटला.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? ह्या देवाला नारळ ठेवल्याशिवाय मी मुलाचं जावळ काढलं नाही, घराचा चिरा बसवला नाही. पण त्याच वेळी गुरवाने घातलेला प्रश्न मला पुन्हा ऐकू आला आणि भीतीच्या वर राग चढला.

“भावजी, तुमी देवाक इचारलास, हिका धाडूची काय,” मी म्हटलं. “माका कोण धाडता? मी आपणहून जातंय. माझो प्रश्न कोणी इचारूकच नाय.”

“वयनी, देवाचो कौल मोडतलंस?”

“कौल तुमी लावलास. पाय माझे आसत.”

गुरव कानावर हात ठेवून आत गेला. भावजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताटाकडे बघत जेवायचे. त्या आठवड्यात मी रोज धावले आणि रोज मनात एकच यायचं. मी मध्येच थांबले, तर गाव म्हणणार देवाने थांबवलं. मग मला त्या देवळाची पायरी चढायलाही तोंड राहणार नाही. एकवीस किलोमीटर मला माझ्याच पायांनी पुरे करायचे होते.

ओरोसला सकाळी सहाला शर्यत सुटली. पहिले दहा किलोमीटर मी मजेत गेले, दोन मुलांना मागे टाकलं, आणि त्याचा मला भरपूर आनंद झाला. मग डांबराने हात दाखवायला सुरुवात केली. डांबर वाळूसारखं दबत नाही, पाऊल पडलं की मार गुडघ्यापर्यंत जातो. त्यात चढ. समुद्रकाठी चढ कुठून आणणार? आणि बाराव्या किलोमीटरला ते कोरे करकरीत बूट चावायला लागले. चौदाव्याला दोन्ही टाचा सोलल्या. सोळाव्याला मी रस्त्याच्या कडेला बसले, बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि मोज्यांवर निघाले. पाण्याच्या टेबलावरची मुलगी “काकी, काकी!” करत राहिली. मी पाणी घेतलं आणि थांबले नाही.

ह्या शर्यतीला साडेतीन तासांची मुदत होती. मुदतीत पोचणार नाहीत त्यांना उचलायला मागून एक गाडी येते. तिने मला गाठलं ते नेमकं त्या थांब्यापाशी. तीच सिमेंटची पायरी. तिच्यावर एक म्हातारा हाताला कापसाची पट्टी लावून बसला होता, रात्रीच्या पाळीचं डायलिसिस आटोपून आलेला असावा, शेजारी बहुधा त्याची सून उभी. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या बाजूला गाडी येऊन हळू झाली. सरांनी दार उघडलं.

“मॅडम, बसा. अजून दोन किलोमीटर आहेत, वेळ संपत आली. एवढं केलंत, खूप झालं. आता बसा गाडीत.”

गाडीत पाच-सहा सीट रिकाम्या होत्या. गादीच्या. दोन वर्षं मी ह्याच पायरीपाशी उभं राहून एका गाडीची वाट बघितली होती, आणि आज मी न मागता ती माझ्या मागे लागून आली होती. मला रडू फुटलं. धावता धावता मी मोठ्याने रडले, आणि सरांशी शुद्ध बोलायचं तेही विसरले.

“आता इलास? तेव्हा खंय होती ही गाडी? माका नको. त्या म्हाताऱ्याक घेवा आत!”

थोडं पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं तर गाडी थांब्यापाशी उभी होती आणि ती सून म्हाताऱ्याला हाताला धरून चढवत होती. मग माझ्या मागे कुणी नव्हतं. शेवटचे दोन किलोमीटर मी धावले म्हणणं म्हणजे धावण्याचा अपमान आहे. पण मी थांबले नाही आणि बसलेही नाही.

पोचले तेव्हा शर्यतीची कमान उतरवून खाली ठेवलेली होती आणि घड्याळ बंद होतं. आमच्या संघातल्या मुली मात्र थांबल्या होत्या. ह्या वेळच्या टाळ्यांचा मला राग आला नाही. यादीत माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहिलंय. लिहोत. रस्ता मी पुरा केला, यादी त्यांनी अपुरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी टाचांना हळद लावून, खोबरेल तेलात भिजवलेल्या चिंध्या बांधून मी देवळात गेले. भावजी नारळ घेऊन चार पावलं मागून येत होते. मी बोलावलं नव्हतं. गुरवाने मला बघितलं आणि तांदूळ भिजवायला घेतले.

“काय इचारूचा आसा गो?”

“इचारूक नाय इलंय. सांगूक इलंय.”

बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं आमच्या देवळात कुणी ऐकलेलं नाही. गुरवाचा हात तांदळातच राहिला. मी पाषाणासमोर उभी राहिले आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, तू डावो दिलंस तरी मी गेलंय. एकवीस किलोमीटर धावलंय, गाडीत बसूक नाय. आता आमच्या माणसांक गाडी येतली. नाय इली, तर फुडच्या वर्साक मी परत धावतलंय.”

मी थांबले. गुरव जमिनीकडे बघत होता, आणि मला ठाऊक होतं की तो म्हणणार नाही.

“व्हय म्हाराजा,” मागून भावजी म्हणाले.