हॅरिससाहेबांचे डच स्टिकर

लॅबमध्ये किस्से साचतात ते रिकाम्या बाटल्यांसारखे. फेकायला जीव होत नाही आणि धुवायला कुणाला वेळ नसतो! मी दहा-बारा वर्षांपूर्वी मस्कतच्या एका रंगाच्या कारखान्यात होतो, तेव्हाचे हे. सगळे आमच्या इंग्लिश केमिस्टचे, हॅरिससाहेबांचे.

साहेबांची मुलगी हॉलंडमध्ये दिलेली. सहा वर्षांची नात फक्त डच बोलायची आणि ती थंडीत मस्कतला येणार होती. साहेबांनी साठीत डच शिकायला घेतलं. "नात माझ्याशी बोललीच नाही तर रिटायर होऊन करू काय?" म्हणायचे. पद्धत केमिस्टची. दिसेल त्याला लेबल! लॅबमधलं दार, नळ, फ्रिज, खुर्ची, सगळ्यांवर डच स्टिकर.

*

एकदा सेफ्टीचा ओमानी इन्स्पेक्टर आला. दारावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"

रत्नागिरीचे सलीमभाई आमचे सीनियर टेक्निशियन. त्यांनी शांतपणे सांगितलं, "डच स्टँडर्ड."

"माशाल्ला! बाकीचे अजून ब्रिटिशवरच आहेत."

*

बोलायला डच माणूस मिळेना. मग चहाच्या वेळी साहेब सलीमभाईंशीच डच बोलायचे. सलीमभाई प्रत्येक वाक्याला "इन्शाल्ला" म्हणायचे.

साहेब मला म्हणाले, "या लॅबमध्ये नीट ऐकून घेणारा हा एकच माणूस आहे!"

*

आमच्या मुलाचं, ओजसचं, मराठी यथातथाच. गावाहून आजीचा फोन आला की "हाय आजी" म्हणून फोन माझ्या हातात कोंबायचा. मीही मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या घरात मराठी स्टिकरं लावली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, फ्रिजवर 'फ्रिज' लिहिलंय!"

*

सलीमभाई एकदा म्हणाले, "साहेब, आता बिनस्टिकरचे तुम्हीच राहिलात. आजोबांना काय म्हणतात तिकडे?"

"ओपा."

"मग लावा की कोटावर!"

साहेब गंभीर झाले. "सलीम, ज्याने बॅच बनवली, त्याने स्वतःच तिला 'पास'चं स्टिकर लावायचं नसतं."

*

शेवटी नात आली. मुलगी तिला लॅब दाखवायला घेऊन आली. साहेबांनी पाठ केलेलं डच म्हटलं. पोर आईमागे लपली. साहेबांनी पुन्हा म्हटलं. ती आणखीच मागे सरकली. साहेब उभ्या उभ्या चष्मा पुसू लागले. मला फार वाईट वाटलं.

जरा वेळाने पोर हळूच बाहेर आली. तिने दारावरचं स्टिकर मोठ्याने वाचलं. मग नळावरचं, मग फ्रिजवरचं. वाचत वाचत सगळी लॅब फिरली. टेबलावर कोरी स्टिकरं आणि मार्कर होता. तिने एकावर सावकाश लिहिलं आणि टाचा उंचावून साहेबांच्या कोटावर चिकटवलं. ओपा.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर पुन्हा आला. कोट तोच, स्टिकर तिथेच.

"हेही डच स्टँडर्ड?"

"हो," सलीमभाई म्हणाले. "कालच पास झालं."