रविवारी बारा वाजेपर्यंत फोन

ती घटना आठवली नाही असा आठवडा निवृत्तीनंतर अजून गेलेला नाही. तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. संबंधितांची नावं मी देणार नाही. माझ्या चुका मात्र आहेत तशा सांगतो.

थंडीचे दिवस होते. शनिवारी सकाळी एक जोडपं ठाण्यात आलं. गृहस्थ बँकेत अधिकारी, बाई शाळेत शिक्षिका. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला जाते असं सांगून गुरुवारी घरातून निघाली होती. शुक्रवारी आईला बाजारात तिची मैत्रीण भेटली आणि ट्रेनिंग वगैरे काही नाही हे कळलं. मुलीचा फोन बंद. कपाटात एका मुलाबरोबरचा फोटो सापडला. मुलगा तिच्याच ऑफिसातला, ठाणे शहराजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातला, ख्रिश्चन.

"साहेब, आमची मुलगी असं करणारी नाही," वडील म्हणाले. "तिला फूस लावून नेलंय."

मुलगी सज्ञान होती. मी मिसिंगची नोंद घेतली, दोघांच्या फोनचे तपशील मागवले. शेवटचं लोकेशन शुक्रवारी दुपारी कच्छमधलं, त्यानंतर दोन्ही फोन बंद. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. परराज्यात पळून जाऊन लग्न करणारी अशी जोडपी मी कितीतरी पाहिली होती.

रविवारी सकाळी ठाणे शहरातून एका दुकानदाराचा फोन आला. तो गिर्यारोहणाचं सामान भाड्याने द्यायचा. त्या दोघांचा फोटो फिरत फिरत त्याच्या व्हॉट्सअॅपवर पोहोचला होता.

"साहेब, हे दोघं माझ्याकडून तंबू घेऊन गेलेत. मंगळवारी परत देणार आहेत."

"मुलगी घाबरलेली वाटली का? दडपणाखाली?"

"छे, उलट तीच सगळं विचारत होती. कच्छात रणाच्या अलीकडे नदीने कापलेली दगडाची घळ आहे, तिथे चाललेत. तंबू पात्रात लावायचा की वर कातळावर, थंडी किती पडते, माणशी पाणी किती न्यायचं. मी म्हटलं, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं सगळी असती तर बरं झालं असतं."

मी वहीत लिहिलं : 'तंबू भाड्याने घेतला, दोघे एकत्र.' बाकीचं लिहिलं नाही. पळून जाणारं माणूस सामान परत करायचा वार सांगून जात नाही, हे माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही.

त्याच दिवशी दुपारी दोन वाजता मुलाचे वडील आले. साठीचे, सडपातळ, उन्हाने रापलेले. भाजीचे वाफे आणि एक लहान होडी, त्यावर घर चालवणारे. आमच्या हवालदाराने सकाळी त्यांना फोन करून बोलावलं होतं, म्हणून ते त्यासाठीच आले असं मी धरून चाललो. खरं तर ते मदत मागायला आले होते.

"साहेब, पोरं फिरायला गेलीत. आज बारा वाजेपर्यंत फोन करणार होती. आला नाही. काहीतरी झालंय."

"कुठे लपवलंय त्यांना?"

"लपवलं नाही हो. कागद आहे घरी, फ्रीजवर लावलाय, घाईत तिथेच राहिला. कुठे उतरणार, कुठून चालणार, सगळं लिहिलंय. ज्या गाडीवाल्याने सोडलं त्याचा नंबर लागत नाही. मला जाऊ द्या, कागद घेऊन येतो."

"लग्न कुठे लावलं?"

"लग्न नाही साहेब, फिरायला…"

मग मी त्यांना अरे-तुरे करू लागलो. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. त्यांचा फोन काढून घेऊन माझ्या खणात टाकला. तो सारखा थरथरत होता. त्यांची बायको फोन करत होती. ते म्हणाले, "साहेब, एकदा उचला. ती वाचून दाखवेल." मी खण लावून घेतला. संशयिताने फोनवर बोलू नये, हा माझा नियम होता.

संध्याकाळी सहाला मी त्यांना सोडलं आणि फोन तपासासाठी ठेवून घेतला. स्टेशन डायरीत नोंद केली : 'चौकशीकामी बोलावले, समज देऊन सोडले.' नंतर कळलं, ते तिथून आपल्या गावच्या चौकीत गेले होते. तिथे त्यांना सांगितलं गेलं, तपास डोंबिवलीला चालू आहे, तिकडेच जा.

सोमवारी सकाळी साडेआठला ते कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. तो त्यांनी टेबलावर उलगडून ठेवला.

वहीची दोन पानं चिकटवून केलेला कागद होता. अक्षर मुलीचं, नकाशा मुलाने काढलेला. शनिवारी सकाळी गाडी घळीच्या तोंडाशी सोडेल. माणशी रोज चार लिटर पाणी. दुपारी बारा ते तीन चालायचं नाही. मुक्काम वर कातळावर, पात्रात नाही. नकाशात तिथे फुली मारली होती. खाण्याच्या यादीत थेपले, शेंगदाणे, गूळ आणि त्याच्या आईने दिलेली सुक्या जवळ्याची चटणी. पुढे कंसात, 'वेगळ्या डब्यात, वास येतो.' सगळ्यात खाली लाल शाईने : 'आत रेंज नाही. रविवारी बारा वाजेपर्यंत फोन आला नाही तर डॅडी पोलिसांना हा कागद दाखवतील.' डॅडी म्हणजे मुलाचे वडील.

एवढी नीट आखलेली सहल मी आयुष्यात पाहिली नव्हती. एका चोवीस वर्षांच्या मुलीने माझ्या खात्यावर भरवसा ठेवून ती आखली होती.

मी लगेच तिकडच्या पोलीस नियंत्रण कक्षाला फोन केला, नकाशाचा फोटो पाठवला. त्यांनी जवळच्या गावातले मेंढपाळ बरोबर घेतले. दीड वाजता निरोप आला. फुलीपासून पाव किलोमीटरच्या आत दोघं सापडली. मुलगी जिवंत होती. मुलगा त्या दिवशी पहाटे गेला होता.

आठवड्याने मुलीचा जबाब घ्यायला मी महिला अंमलदाराला घेऊन तिच्या घरी गेलो. ती स्पष्ट बोलली. घरी खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. लग्नाचं अजून ठरलंही नव्हतं. रविवारी सकाळी परत निघताना कातळाचा कडा सुटला आणि तो खाली पडला. मांडीचं हाड मोडलं.

"मी रस्त्याकडे निघाले होते," ती म्हणाली. "थोडी गेले आणि मागून त्याची हाक आली. परत आले. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, बारा वाजून गेले. डॅडी आता पोलिसांकडे जातील. उजेड आहे तोवर कोणीतरी येईल. वाट चुकलीस तर तुला कोण शोधणार? इथेच बस."

मग तिने विचारलं, "डॅडी तुमच्याकडे किती वाजता आले होते?"

"दोन वाजता," मी म्हणालो.

तिचे वडील खिडकीशी उभे होते, ते खोलीतून निघून गेले.

डॉक्टरांनी लिहिलं, अतिरक्तस्राव आणि थंडी. वेळेत उपचार मिळाले असते तर कदाचित वाचला असता, असं ते मला तोंडी म्हणाले. वरिष्ठांनी कागदपत्रं पाहिली. डायरी चोख होती. कोणी मला दोष दिला नाही, आणि मीही स्वतःला दिला नाही, निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी मी त्या गावी गेलो. मुलाचे वडील वाफ्यात होते. त्यांनी मला ओळखलं. मी म्हटलं, "तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही. चूक माझी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. हातातलं फावडं त्यांनी खाली ठेवलं नाही. "मला सांगून काय उपयोग? त्या पोरीला सांगा. ती येते आमच्याकडे महिन्यातून एकदा. तिला वाटतं, हाक ऐकून परत फिरले नसते तर तो वाचला असता. आम्ही सांगून थकलो."

नोकरीत मी माणसं खोटं कशी बोलतात हे शिकलो. नजर कुठे फिरते, उत्तराला किती वेळ लागतो, सगळं. पण आधीच ठरवलेल्या उत्तरापुढे ही विद्या काही कामाची नाही. खरं बोलणारा माणूसही घाबरतो, अडखळतो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. मी त्या अडखळण्यालाच पुरावा मानलं.

मुलीला भेटलो. ती आता ठाण्यात वर्तकनगरला एकटी राहते. मी सगळं सांगितलं : खण, फोन, तिच्या कागदाबद्दल चार तास ऐकून न घेतलेलं. शेवटी ती म्हणाली, "हे लिहून द्याल? तुम्ही सांगताय तोवर पटतंय. उद्या सकाळी नाही पटणार."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतले. हा माझा आहे. तिने जे करायला हवं होतं ते सगळं केलं होतं. उशीर माझ्या टेबलावर झाला.