ऑप्शन फॉर्म आणि एस.टी.तला रुमाल

आधी माफी मागतो. कामाचे अनुभव लिहिणारे लोक त्या कामात मुरलेले असतात. मी अजून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत बीबी गावाच्या एस.टी. स्टँडजवळ एका मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रवेशातलं मला सगळं कळतं असं म्हणायची हिंमत नाही. तरी एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

शीतल आणि तिचे वडील भगवानकाका दुकानात आले तेव्हा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म बंद व्हायला एक दिवस उरला होता. काका भाजीपाला करतात. वांगी, टमाटे, मेथी. शीतल बारावी सायन्स झालेली, सीईटी दिलेली. तिला इलेक्ट्रिकल हवं होतं. मी सहज कारण विचारलं. ती म्हणाली, मळ्यातली मोटर दरवर्षी जळते, दरवर्षी वायंडिंग भरून आणतो, पण ती जळते काऊन हे कोणीच सांगत नाही.

ऑप्शन फॉर्म म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश एकाच ठिकाणाहून होतात. त्याला कॅप म्हणतात. परीक्षेच्या मार्कांवरून मेरिट नंबर लागतो. मग आपण कोणतं कॉलेज आणि त्यातली कोणती ब्रँच, असे पर्याय आवडीच्या क्रमाने भरायचे. कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचत येतो. तुमच्या मेरिटला जो पर्याय आधी बसतो तो तुम्हाला देतो. ही झाली अलॉटमेंट. अशा काही फेऱ्या होतात.

काकांनी पहिल्या नंबरला जवळचं एक खाजगी कॉलेज सांगितलं. तिथे इलेक्ट्रिकल नव्हतंच. सिव्हिल होतं, आणि त्याच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. शीतलला हवी होती ती सरकारी कॉलेजं दूरच्या शहरांत होती. ती कॉलेजं काकांना दोन नंबरपासून पुढे चालणार होती.

मी विचारलं, "काका, सिव्हिल पहिलं काऊन?"

"अरे बापू, आपण एस.टी.त काय करतो? गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकतो. जागा धरून ठिवतो. मंग आत चढून पाहतो. समोर चांगली सीट दिसली त तिथं सरकतो. इथंबी तसंच करू. पहिले रुमाल टाक."

हे ऐकून हसू नका. आमच्याकडे निम्मे लोक असाच फॉर्म भरतात. दवाखान्याच्या लायनीत चप्पल ठेवतात, गिरणीवर डबा ठेवतात, आणि ती जागा सगळे मानतात. पक्की जागा आधी धरायची, चांगलं काय ते नंतर बघायचं, ही आमची पद्धत आहे आणि बाकी सगळीकडे ती चालते.

कॅपमध्ये ती चालत नाही. मी माहितीपुस्तिका नुसत्या उत्सुकतेपोटी पुन्हा पुन्हा वाचतो, त्यात हा नियम आहे. पहिल्या फेरीत तुम्हाला तुमचाच एक नंबरचा पर्याय मिळाला, तर ती सीट आपोआप फ्रीज होते. म्हणजे घ्यायची तर तीच. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. पुढे पुढे हा नियम आणखी कडक होत जातो. मला आधी हा अन्याय वाटला होता. मग कळलं की कॉम्प्युटरचं बरोबर आहे. तुम्हीच लिहून दिलंत की हे मला सगळ्यात जास्त हवं, आणि ते त्याने दिलं.

दुकानाचे मालक संतोषभाऊ पलीकडे आधारकार्डाच्या प्रिंट काढत होते. ते म्हणाले, "अक्षय, बाप म्हणते तसं भर ना बे. लोक थांबून राह्यले."

टेबलावर त्याच खाजगी कॉलेजचं कॅलेंडर होतं. त्यांचा माणूस आदल्या आठवड्यात येऊन ठेवून गेला होता. पण भाऊंचं सगळंच चूक होतं असं नाही. मागच्या वर्षी एकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून फक्त मोठी कॉलेजं भरली. एकही मिळालं नाही, आणि त्याचा बाप दुकानात येऊन भांडला.

माझाही धीर होईना. नियम माझ्या वाचण्यात चुकला असेल तर? मी बुलडाण्याच्या प्रवेश सुविधा केंद्राला फोन लावला. तिथल्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, नियम तू सांगतोस तोच आहे. पण तू सल्ला देऊ नको. नियम सांग, क्रम त्यांचा त्यांना ठरवू दे.

मी तसंच केलं. काकांनी विचारलं, "म्हणजे रुमाल टाकला त मंग त्याच सीटवर बसा लागते?"

"पहिल्या नंबरवर टाकला आणि तीच सीट मिळाली, तर हो."

शीतल इतका वेळ स्क्रीनकडे बघत होती. तिने विचारलं, "अन् शेवटच्या नंबरवर टाकला त?"

असा विचार मी कधी केला नव्हता. मी तिला सांगितलं की मग कॉम्प्युटर आधी वरचे सगळे पर्याय बघेल. काहीच बसलं नाही तरच खाली सिव्हिलपर्यंत येईल. ते मिळालं तर फी भरून सीट स्वीकारायची, पण फ्रीज करायची नाही. त्याला बेटरमेंट म्हणतात. हातातली सीट राहते, पुढच्या फेरीत वरच्यासाठी पुन्हा प्रयत्न होतो. वरची मिळाली की खालची आपोआप जाते.

"बाबा," शीतल म्हणाली, "मंग आपण रुमाल मागच्या सीटवर टाकू ना. समोर जागा झाली त सरकू. नाही झाली त उभं त राहा लागत नाही."

काकांनी मला विचारलं, "समोर सरकलो अन् मागची गेली. समोरची पसंत नाही पडली, त मागची परत भेटते?"

"नाही भेटत, काका."

ते टेबलावरचं कॅलेंडर चाळायला लागले. मी दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या होत्या. तेवढ्या वेळात शीतलने मला विचारून घेतलं की स्वायत्त कॉलेज म्हणजे काय, आणि डिग्रीवर नाव कोणाचं येतं. मी म्हटलं, स्वायत्त कॉलेज पेपर स्वतः काढतं, पण डिग्री ते ज्या विद्यापीठाला जोडलेलं असतं त्या विद्यापीठाची असते. हा प्रश्न माझ्या प्रवेशाच्या वेळी मला सुचलासुद्धा नव्हता. मी एस.टी.च्या रूटवरचं कॉलेज बघितलं होतं.

शीतलने सांगितला तसा क्रम मी भरला. वर इलेक्ट्रिकल, सगळ्यात खाली सिव्हिल. कन्फर्म करायला ओटीपी लागतो. तो काकांच्या मोबाईलवर आला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचला, पण सांगितला नाही.

"काका, मुदत संपते त्याची," भाऊ म्हणाले.

काका शीतलकडे बघत होते. "हॉस्टेलात राहशीन?"

"हाव."

"एकटी?"

"तिथं सगळ्याच एकट्या आलेल्या असतात, बाबा."

"अन् मोटर जळते काऊन, ते सांगशीन मले?"

"चार वर्ष लागतीन."

"तवपर्यंत त आणखी चार मोटरी जळतीन," काका म्हणाले, आणि एकेक आकडा सांगत गेले.

पहिल्या फेरीत सिव्हिल लागलं. अगदी खालचं. भाऊ म्हणाले, "शेवटी तेच भेटलं ना? उगाच बुलडाण्याले फोन केले." काकांना तिथेच थांबावंसं वाटत होतं. मी पुन्हा फक्त नियम सांगितला. नॉट फ्रीजवर क्लिक शीतलने केलं. दुसऱ्या फेरीत काहीच हललं नाही. मग माझं कॉलेज सुरू झालं आणि मी गेलो. तिसऱ्या फेरीचा निकाल त्यांनी त्यांच्या मोबाईलवर बघितला असणार. माझ्याकडे नंबर होता, पण फोन करायचं धाडस होईना. वाईट बातमी असली तर काय बोलायचं? सरांनी सांगितलं होतं ते बरोबरच आहे, नियम सांगावा, सल्ला देऊ नये. मात्र त्याने काळजी कमी होते असं काही नाही.

पुढे एका रविवारी सुट्टीला आलो तेव्हा मी दुकानात बसलो होतो. सुलतानपूरचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले. फार्मसीचा फॉर्म भरायचा होता. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तो मागच्या सीटवरच्या रुमालाचा फॉर्म इथंच भरून देते ना?"

भाऊंनी मान वर केली. मी विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला?

"आमच्या भगवानभाऊनं. त्याच्या पोरीले इलेक्ट्रिकल लागलं ना. सरकारी कॉलेज. पहिलं नाही, तिसऱ्या नंबरचं हाय म्हणे. काल सकाळी गाडीत बसवून देली तिले. मीच होतो संग." मग ते हसायला लागले. "गाडी लागाची होती, तर भगवानभाऊ पळतच सुटला अन् खिडकीतून रुमाल टाकला. एकदम समोरच्या सीटवर."